क्वार्टरबॅकचे आकडे आणि मेरिटची फूटपट्टी

‘त्याला लांब फेकता येत नाही.’

अमेरिकन फुटबॉलचे चाहते वाद घालू लागले की थोड्या वेळात हे वाक्य येतेच. मग आकडे निघतात. कोणी टक्केवारी सांगतो, कोणी यार्ड सांगतो, कोणी म्हणतो आकडे सोडा, डोळ्यांनी बघा. वरवर पाहता हा खेळवेड्या लोकांचा टाइमपास आहे. आम्हीही आधी तसेच समजत होतो. पण हा वाद नीट ऐकला की त्यातली वाक्ये ओळखीची वाटू लागतात. ‘गुण आहेत, पण समज नाही.’ ‘अंगात ताकद आहे, पण डोके नाही.’ ‘जागा बदलली तर चमकेल.’ ही वाक्ये आम्ही कॉलेजात, ऑफिसात आणि मुलाखतीच्या खोलीबाहेर ऐकली आहेत. म्हणून आज थोडे दूरच्या मैदानावर जाऊ या.

तसे ते मैदान आपल्याला फार परकेही नाही. बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. 1946 मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. तिकडे माणसाची मोजदाद कशी होते, हे पाहणे आमच्या चळवळीच्या परंपरेतच बसते.

आधी खेळ समजून घेऊ. तिकडचा फुटबॉल मुख्यतः हाताने खेळतात. मैदान शंभर यार्डांचे, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावे लागते; गेले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. समोरून दीड-दीडशे किलोचे गडी अंगावर येत असतात. दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचे असते की चेंडू धावणाऱ्याला द्यायचा, जवळच्या साथीदाराकडे टाकायचा की पन्नास यार्ड पुढे पळणाऱ्या रिसीव्हरच्या हातात अचूक पोचवायचा. ही लांब फेक म्हणजे ‘डाउनफील्ड’ फेक. सेनापती, नियोजक आणि हमाल ही तिन्ही कामे एकाच माणसाची. म्हणून पगार त्याचा सर्वात मोठा, श्रेय त्याचे आणि शिव्याही त्याच्याच.

आता आकडे. समजा, एका क्वार्टरबॅकने पाच यार्डांवर उभ्या असलेल्या साथीदाराकडे सोपी फेक टाकली. त्या साथीदाराने चार जणांना चकवले आणि तो पुढे साठ यार्ड धावला. हिशेबाच्या वहीत क्वार्टरबॅकच्या नावावर पासिंगचे 65 यार्ड जमा होतात. दुसऱ्याने चेंडू हवेतून 45 यार्ड नेऊन रिसीव्हरच्या बरोबर तळहातावर ठेवला आणि रिसीव्हरच्या हातून तो निसटला. याच्या नावावर शून्य, आणि टक्केवारी घसरली ती वेगळीच. चेंडू रिसीव्हरच्या हाताला लागून उडाला आणि प्रतिस्पर्ध्याने पकडला, तर ‘इंटरसेप्शन’ लागते तेही फेकणाऱ्याच्याच नावावर. जे पाच लाइनमन अंगावर धक्के झेलून त्याला ते दोन-तीन सेकंद मिळवून देतात, त्यांच्या नावावर यार्ड नाहीत आणि टचडाउनही नाहीत. श्रम अनेकांचे आणि नोंद एकाची, हे वाचून आमच्या वाचकांना काही आठवले तर नवल नाही.

त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे ‘पासर रेटिंग’. एनएफएल या तिथल्या मुख्य लीगने हे सूत्र 1973 मध्ये स्वीकारले. त्यात चार गोष्टी धरतात: किती टक्के फेकी पूर्ण झाल्या, प्रत्येक फेकीमागे किती यार्ड मिळाले, किती टक्के फेकींवर टचडाउन झाले आणि किती टक्के फेकी प्रतिस्पर्ध्याने पकडल्या. सर्वोच्च रेटिंग 158.3. शंभर नाही, दोनशे नाही, 158.3! ते मिळवायला सगळ्या फेकी पूर्ण कराव्या लागतात असेही नाही, 77.5 टक्क्यांच्या वरचे यश सूत्र मोजतच नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे क्वार्टरबॅक स्वतः चेंडू घेऊन किती धावला, ते या सूत्रात कुठेच नाही. जागेवर उभे राहून फेकणारा क्वार्टरबॅक डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही फूटपट्टी आहे. पायांनीही सामना जिंकून देणारा खेळाडू तिच्यात अर्धाच मावतो.

चाहते मूर्ख नाहीत. त्यांनी ही उणीव ओळखली, आणि आता वादात नवे आकडे आले आहेत. चेंडू हवेतून किती यार्ड गेला ते वेगळे, झेलल्यानंतर साथीदार किती धावला ते वेगळे. खेळाडूंच्या खांद्यावरच्या पॅडमध्ये चिप बसवलेली असते. तिच्यावरून प्रत्येक फेकीच्या वेळी रिसीव्हरच्या किती जवळ बचावपटू होता हे कळते. त्यावरून ती फेक पूर्ण होण्याची शक्यता किती होती ते काढतात आणि मग फेकणाऱ्याने अपेक्षेपेक्षा जास्त केले की कमी, हे सांगतात. सोप्या फेकी टाकून टक्केवारी फुगवणारा इथे उघडा पडतो. अवघड फेकी करणाऱ्याला न्याय मिळतो. ही चांगली गोष्ट आहे आणि तिचे आम्ही स्वागत करतो.

पण चिपलाही न दिसणारी एक गोष्ट आहे. फेक मोजायची तर आधी चेंडू हातात मिळायला हवा. तो कोणाच्या हातात द्यायचा, हे कोण ठरवत होते?

1934 ते 1945 या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. त्याआधी होते. फ्रिट्झ पोलार्डसारखा माणूस 1920 च्या दशकात खेळला आणि प्रशिक्षकही झाला. मग कुठलाही लेखी नियम न करता दार बंद झाले. 1946 मध्ये ते उघडले तरी क्वार्टरबॅकची खोली बंदच राहिली. 1953 मध्ये शिकागो बेअर्सच्या विली थ्रोअरला एका सामन्यात संधी मिळाली. आडनावच ‘थ्रोअर’, म्हणजे फेकणारा. त्याची एनएफएलमधली सगळी नोंद एवढीच: 8 फेकी, 3 पूर्ण, 27 यार्ड. पुढे त्याला फेकू दिलेच नाही. आता कोणी म्हणाले की आकडे बघा, त्याच्यात दम नव्हता, तर काय उत्तर द्यायचे? आठ फेकींवर माणसाचा निकाल लावता येत नाही. त्या आठ फेकी निकाल लागतो तो संधी देणाऱ्यांचा.

1968 सालचा मार्लिन ब्रिस्को तर या वादाचा जिवंत नमुना आहे. डेन्व्हर ब्रॉन्कोजने त्याला घेतले ते बचावपटू म्हणून. क्वार्टरबॅक म्हणून आपली चाचणी घ्यावी, हा आग्रह त्याने स्वतः धरला. नेहमीचा क्वार्टरबॅक जखमी झाला आणि ब्रिस्कोला मैदान मिळाले. त्या हंगामात त्याने 224 फेकी केल्या, पैकी 93 पूर्ण. म्हणजे जेमतेम 41.5 टक्के. टक्केवारीवाला चाहता लगेच नाक मुरडेल. पण या 93 फेकींचे यार्ड झाले 1,589, म्हणजे प्रत्येक पूर्ण फेकीमागे 17 यार्ड, आणि टचडाउन 14. हा पोरगा लांब फेकत होता! अवघड काम अंगावर घेतले की टक्केवारी पडते आणि पल्ला वाढतो. ‘डाउनफील्ड’ फेकता येते का, या प्रश्नाचे उत्तर त्याने मैदानावर दिले होते. पुढच्या वर्षी संघाच्या क्वार्टरबॅकच्या यादीत त्याचे नाव नव्हते. तो बफेलोला गेला, तिथे त्याला रिसीव्हर केले. 1970 मध्ये त्याने रिसीव्हर म्हणून हजारावर यार्ड मिळवले आणि निवडक खेळाडूंच्या ‘प्रो बोल’ सामन्यातही गेला. लोक म्हणाले, बघा, जागा बदलली आणि चमकला. क्वार्टरबॅक म्हणून तो आणखी काय झाला असता, याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

समाजशास्त्रात याला ‘स्टॅकिंग’ म्हणतात. 1970 मध्ये लॉय आणि मॅकएल्व्होग या अभ्यासकांनी अमेरिकन खेळांतल्या जागा वर्णानुसार तपासल्या. मैदानाच्या मध्यावरच्या, समन्वयाच्या आणि निर्णयाच्या जागा गोऱ्यांकडे. कडेच्या, वेगाच्या आणि ताकदीच्या जागा कृष्णवर्णीयांकडे. संघात घेतले, पण कुठे बसवले? एमएच्या वर्गात हा सिद्धांत शिकताना आमच्या मनात पहिले नाव आले ते पळवणकर बाळू यांचे. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आला. गोलंदाजी म्हणजे घाम. तो त्यांनी वर्षानुवर्षे हिंदू संघासाठी गाळला. कर्णधारपद म्हणजे डोके. ते त्यांना कधीच दिले गेले नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे ते आले 1923 मध्ये, आणि त्या वर्षी हिंदू संघ चौरंगी स्पर्धा जिंकला. पुढे 1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, हे आम्ही विसरलेलो नाही. राजकीय मतभेद आपल्या जागी. मैदानावर त्यांच्यावर झालेला अन्याय त्याने पुसला जात नाही.

पुन्हा अमेरिकेत येऊ. वॉरन मून 1978 च्या रोझ बोलमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यालाही जागा बदलण्याचे सल्ले मिळाले. तो म्हणाला, खेळेन तर क्वार्टरबॅक म्हणूनच. एनएफएलमध्ये त्याला तशी किंमत नव्हती, म्हणून तो कॅनडात गेला आणि एडमंटनच्या संघासोबत 1978 ते 1982 सलग पाच ग्रे कप जिंकला. 1984 मध्ये तो एनएफएलमध्ये आला आणि तिथे 49 हजारांहून अधिक यार्डांच्या फेकी केल्या. 2006 मध्ये तो फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. पण उमेदीची सहा वर्षे परक्या देशात गेली, तेव्हा हे कोणाला सुचले नाही.

31 जानेवारी 1988 चा सुपर बोल तर प्रत्येक तरुणाने एकदा पाहावा. डग विल्यम्स हा सुपर बोलमध्ये सुरुवातीपासून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. पहिल्या सत्रानंतर वॉशिंग्टनचा संघ 0-10 असा मागे. दुसऱ्या सत्रात विल्यम्सने चार टचडाउन फेकले. त्यातला पहिलाच 80 यार्डांचा. एका सत्रात 35 गुण. अंतिम निकाल 42-10, विल्यम्सच्या नावावर 340 यार्ड, सर्वोत्तम खेळाडूही तोच. लांब फेकता येते का, या प्रश्नाचा त्या दिवशी निकाल लागायला हवा होता.

तो लागला नाही. तीस वर्षांनी 2018 मध्ये लमार जॅक्सन आला. 2016 ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च मान, त्याच्याकडे होती. त्याच वर्षी जॉश अॅलन हा गोरा क्वार्टरबॅकही निवडीसाठी आला होता. दोघांचीही महाविद्यालयातली पूर्ण फेकींची टक्केवारी साठच्या खाली. दोघेही धावण्यात तरबेज. अॅलनबद्दल बोलले गेले की हात दमदार आहे, कच्चा आहे, शिकवला तर घडेल. जॅक्सनबद्दल बिल पोलियनसारख्या नावाजलेल्या जाणकाराने सुचवले की याने रिसीव्हर व्हावे. अॅलनची निवड सातवी झाली, जॅक्सनची बत्तिसावी. अॅलन उंच आहे, धिप्पाड आहे, तोही फरक होता हे मान्य. पण टक्केवारीतली तीच उणीव एकाच्या बाबतीत ‘शिकवून भरून निघेल’ आणि दुसऱ्याच्या बाबतीत ‘जागा बदला’ अशी कशी वाचली गेली? अॅलन पुढे उत्तम क्वार्टरबॅक झाला, याचा आम्हाला आनंदच आहे. शिकवले तर माणूस घडतो, हेच त्याने सिद्ध केले. आमचे म्हणणे एवढेच की हा विश्वास दोघांवरही ठेवायला हवा होता.

जॅक्सनने 2019 मध्ये 36 टचडाउन फेकले, त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक. धावून 1,206 यार्ड मिळवले ते वेगळेच. सर्व 50 मते मिळवून तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. पोलियनने नंतर आपले चुकले हे मान्य केले, तो मोठेपणा. 2023 मध्ये जॅक्सनने तो मान पुन्हा मिळवला. 2024 मध्ये 41 टचडाउन फेकले आणि फक्त 4 फेकी प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिल्या. तरी वाद सुरूच. आधी म्हणत, फेकता येत नाही. मग म्हणू लागले, फेकतो, पण धावण्याच्या धाकामुळे जागा मोकळी मिळते म्हणून. परीक्षा पास झाली की अभ्यासक्रम बदलायचा, ही रीत आपल्याला नवी नाही.

इथे एक इशारा आम्ही आमच्याच तरुणांना देऊ इच्छितो. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकवरची प्रत्येक टीका वर्णद्वेष नसते. प्लेऑफमधले जॅक्सनचे पराभव खरे आहेत आणि त्यांवर बोलले गेलेच पाहिजे. लांब फेकत नाही, हा टोमणा गोऱ्या खेळाडूंनाही बसतो. अॅलेक्स स्मिथला तो आयुष्यभर चिकटला. 2017 मध्ये त्याने पासर रेटिंगमध्ये सगळ्या लीगला मागे टाकले, तरी पुढच्या वर्षी त्याच्या जागी पॅट्रिक माहोम्स हा कृष्णवर्णीय तरुण आला आणि त्याने इतिहास घडवला. टीका मैदानावरच्या कामगिरीची असेल तर ती सहन करावी, आकड्यांनी उत्तर द्यावे. टीका जन्माकडे वळली, ‘यांना हे जमतच नाही’ अशी झाली, की मात्र तिचा बुरखा फाडावा. हा फरक करता आला नाही तर आपले खरे म्हणणेही हलके होते.

आणि आकडा हा केवळ वादाचा विषय नाही, हे विसरू नका. डोक्याला बसलेल्या धक्क्यांमुळे निवृत्त खेळाडूंना स्मृतिभ्रंश होऊ लागला, तेव्हा एनएफएलला मोठी भरपाई योजना मान्य करावी लागली. ती मिळवायला मेंदूची चाचणी द्यावी लागे. तपासणीत वापरल्या जाणाऱ्या हिशेबात कृष्णवर्णीयांची मूळ बौद्धिक पातळी गोऱ्यांपेक्षा कमी धरली जात होती. म्हणजे दोघांचे गुण सारखेच आले, तरी गोऱ्याचा मेंदू बिघडला असे ठरे आणि काळ्याचा मेंदू ‘आधीपासूनच तसा’ ठरे. भरपाई गोऱ्याला मिळण्याची शक्यता जास्त. 2020 मध्ये केविन हेन्री आणि नाजेह डेव्हनपोर्ट या दोन निवृत्त खेळाडूंनी कोर्टात धाव घेतली. 2021 मध्ये लीगने ही पद्धत बंद करण्याचे जाहीर केले. मैदानावर ‘डोके नाही’ म्हणणारा पूर्वग्रह दवाखान्यातल्या सूत्रापर्यंत असा पोचला होता. तोंडातली शिवी कोणालाही ऐकू येते; सूत्रात लपलेली शिवी शोधायला अभ्यास लागतो.

आता आपल्याकडे पाहा. गुण कमी आले की ‘मेरिट नाही’. गुण भरपूर आले की ‘पाठांतर आहे, व्यक्तिमत्त्व नाही’. व्यक्तिमत्त्वही दाखवले की ‘कोट्यातून आला असेल’. कोचिंगचे लाखो रुपये, घरात शिकलेल्या दोन पिढ्या, इंग्रजीचे वळण, ओळखीपाळखी हे सगळे झेलल्यानंतरच्या धावेसारखे दुसऱ्याच्या श्रमाचे यार्ड आहेत; पण निकालाच्या कागदावर ते एकाच नावापुढे जमा होतात. आमच्या वस्तीतला मुलगा अंगावर येणारी घरची जबाबदारी चुकवत, अर्धवट जागरणे करत जी लांब फेक करतो, तिची अडचण कोणत्या रकान्यात लिहिली जाते? जानेवारी 2022 मध्ये नील ऑरेलिओ नुनेस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खुल्या स्पर्धा परीक्षेतल्या कामगिरीपुरती गुणवत्तेची व्याख्या आकसून टाकता येत नाही. सामाजिक परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. चाहत्यांनी चिप लावून जे ओळखले, ते न्यायालयाने राज्यघटनेच्या आधारे सांगितले. फेक किती अवघड होती, हे मोजल्याशिवाय फेकणारा मोजता येत नाही.

म्हणून काही मित्र म्हणतात की आकडेच नकोत, सगळी मोजमापे ब्राह्मणी आहेत. आम्हाला हे मान्य नाही. बाबासाहेबांनी 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे प्रतिनिधित्वाचा प्रश्न मांडला तो लोकसंख्येचे आणि जागांचे आकडे हातात घेऊन. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध आकड्यांच्याच पायावर उभा आहे. 1931 नंतर सगळ्या जातींची पूर्ण मोजणी झाली नाही, म्हणून जातनिहाय जनगणना मागणारेही आपणच. ब्रिस्कोचे 17 यार्ड आणि विल्यम्सचे चार टचडाउन वहीत लिहिलेले होते, म्हणून आज आपण ते पुढे करू शकतो. नोंद नसती तर ‘त्याला जमत नव्हते’ ही दंतकथाच उरली असती.

तेव्हा आकडा समोर आला की घाबरू नका, भुलूही नका. त्याला तीन प्रश्न विचारा. यात काय मोजले आणि काय सोडले? मोजण्याआधी संधी सगळ्यांना सारखी मिळाली होती का? आणि आपण ही फूटपट्टी पार केली, तर ती बदलणार तर नाही ना? अभ्यासवर्गात, युनियनच्या बैठकीत, निवड समितीपुढे हे तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. मग पुढच्या वेळी कोणी म्हणाले, ‘तुमच्या पोरांना लांब फेकता येत नाही’, तर शांतपणे सांगा: चेंडू द्या आणि मोजणाऱ्याच्या शेजारी आमचाही माणूस बसवा.

जय भीम!